सुऱ्या आणि फावड्यांचे चलन

नाणे म्हटले की गोल चकती डोळ्यांसमोर येते. प्राचीन चीनमध्ये मात्र काही शतके बाजारातील व्यवहार कांशाच्या छोट्या फावड्यांनी आणि सुऱ्यांनी होत असत. त्याआधी तेथे कवड्यांना मोल होते. संपत्ती आणि खरेदी-विक्रीशी संबंधित अनेक चिनी अक्षरांत कवडीचे चिन्ह आजही आढळते.

इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, झोऊ राजवटीत, फावड्याच्या आकाराची नाणी रूढ झाली. शेतीची अवजारे सर्वांनाच उपयोगी असल्याने विनिमयात ती स्वीकारली जात व त्यांच्या लहान प्रतिकृतींतून हे चलन निर्माण झाले, असे मानले जाते. सुरुवातीच्या नाण्यांना दांडा बसविण्याची पोकळ खोबणही असे. पुढे ती सपाट आणि लहान झाली. फावडी प्रामुख्याने मध्य चीनमध्ये, तर सुऱ्या पूर्वेकडील ची आणि ईशान्येकडील येन या राज्यांत चालत. सुरीच्या मुठीला कडी असल्याने ती दोरीत ओवता येई. भारतातील आहत नाणी ठसे उमटवून तयार होत. ही नाणी मात्र साच्यात ओतली जात.

इसवी सनपूर्व २२१ मध्ये चिन शी हुआंगने चीन एकछत्री अमलाखाली आणला आणि चौकोनी छिद्राचे गोल नाणे सर्वत्र लागू केले. जुन्या आकारांची सद्दी संपली.

त्यांचे पुनरुज्जीवन केले वांग मांगने. इसवी सन ७ मध्ये, सम्राट होण्यापूर्वी दोन वर्षे, त्याने पुन्हा सुऱ्या काढल्या. त्यांतील एका सुरीचे मूल्य तब्बल पाच हजार साध्या नाण्यांइतके ठरविण्यात आले. तिच्यातील धातू मात्र मोजक्या नाण्यांपुरताच होता. साहजिकच बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला. तो रोखण्यासाठी तांबे आणि कोळसा जवळ बाळगण्यावरही बंदी आली. वारंवार बदलणाऱ्या चलनामुळे व्यापार विस्कळीत झाला, लोकांचा विश्वास उडाला. इसवी सन २३ मधील बंडात वांग मांग मारला गेला.

नाण्याचा आकार कोणताही असो, हुकूम काढून त्याला पत मिळत नाही, हाच या प्रयोगाचा धडा. फावड्याचा आकार मात्र चिनी स्मृतीत टिकून आहे. चीनच्या मध्यवर्ती बँकेचे बोधचिन्ह अशाच तीन फावडी-नाण्यांचे बनलेले आहे.