लाटणी, व्याज आणि महागाई

१९७२ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली, आपल्या आज्यांनी खडी फोडली. मजुरीने चूल पेटली. पण बाजारात धान्य थोडे, भाव चढेच. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७३ अखेर परदेशी तेल महागले, महागाई आणखी भडकली.

जुलै १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक दर ७ वरून ९ टक्के केला. सरकारने पगारदारांचा निम्मा वाढीव महागाई भत्ता सक्तीने ठेवीत टाकला. हाती पैसा कमी उरला, भाव उतरू लागले. १९७५ च्या चांगल्या पिकाने त्याला बळ दिले.

गटात व्याज वाढले की आपणही कर्ज घेताना हात आखडतो. पण नुसत्या व्याजाने कणगी भरत नाही. म्हणून व्याजदराची बातमी ऐकली की आपण रेशनच्या धान्याचीही चौकशी करू.