चाल कोणाची, हुकूम कोणाचा?



यंदाच्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर यवतमाळात आपल्या पोरांत वाद झाला. डीजेच्या चालीवर भीमगीतं गाणारे विकले गेले, असं एकाचं म्हणणं. हाच शब्द पन्नास वर्षांमागं मी माझ्या बापाच्या तोंडावर फेकला होता. म्हणून लिहितो.

बाप पाटलाच्या दारी डफडं वाजवायचा. लग्न त्यांचं, घाम आमचा, जेवण उकिरड्याच्या कडेला. १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेऊन आला आणि डफडं टाकलं ते कायमचं. मग खंजेरी धरली. दारव्हा तालुक्यातल्या वस्त्यावस्त्यांत भीमगीतं म्हणायचा, पण चाली सगळ्या सिनेमाच्या! मी कॉलेजात चार पुस्तकं वाचलेला. म्हटलं, "बा, तू बाजारू झाला."

तो हसला. "अबे, लोकं येतात चालीपायी, पण घरी नेतात ते शब्द."

तेव्हा पटलं नाही. आपला इतिहास वाचला तेव्हा पटलं.

आंबेडकरी जलसा कुठून आला? सत्यशोधक जलशातून, आणि त्याच्याही मागं तमाशातून. १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डकांनी नाशिककडे जलसा उभा केला. लोकांना ढोलकी आवडते, तर ढोलकी ठेवली. वग ठेवला. पण देवाची स्तुती आणि शृंगार काढला, अन् पाण्याचा, शाळेचा, मंदिराचा सवाल आत घातला. वामनदादा कर्डकांनी १९४३ ला पहिलं गाणं रचलं, तेच मुळी हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. पुढं 'सांगत्ये ऐका' (१९५९) या तमाशापटालाही त्यांनी गाणं दिलं. म्हणून वामनदादा विकले गेले? २००४ ला जाईपर्यंत हा माणूस गावोगाव भीम गात हिंडला.

म्हणजे आवडीप्रमाणं चाल बदलणं ही गद्दारी नव्हे. डफडं तरी वाईट कुठं होतं? ते पाटलाच्या हुकमानं वाजत होतं, हे वाईट होतं. गाणं कोणाच्या हुकमानं वाजतं, एवढंच तपासा.

आणि तपासायचंच तर नीट तपासा. २००६ ला खैरलांजी झाली. आपल्या विदर्भात झाली. तुमच्या मिरवणुकीतल्या किती गाण्यांत ती आहे? नुसता जयजयकार उरला, सवाल गळाला, तर मात्र गाणं विकलं गेलं. मग चाल जुन्या जलशाची असो की डीजेची.

पण एकट्या गायकाला दोष देऊ नका. त्यालाही पोट आहे. वर्गणीतले हजारो रुपये आपण आवाजाच्या भिंतींना मोजतो आणि शाहिराच्या गळ्यात हार घालून त्याला चहावर वाटेला लावतो. मग तो कॅसेटवाल्याच्या मागं गेला, आज मोबाईलवाल्याच्या मागं गेला, तर हुकूम त्याचा चालणार की तुमचा?

पुढच्या वर्षी एक तास त्या भिंती बंद ठेवा. वस्तीतल्या गाणाऱ्याला बोलवा, वर्गणीतून त्याचं मानधन द्या. चाल त्याला आवडेल ती घेऊ द्या. शब्द मात्र कान देऊन ऐका.