कुत्र्याची खाज : आधी निदान, मग चाचणी

घरातील कुत्रा सतत पंजे चाटतो, कान खाजवितो, पोट आणि बगला लालसर दिसू लागतात. इंजेक्शन दिले की आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. हे चक्र अनेक श्वानपालकांच्या परिचयाचे आहे. त्यामागे पुष्कळदा परिसरातील एखाद्या घटकाचे वावडे, अर्थात ॲलर्जी असते. मात्र रक्ताची एक चाचणी केली की कारण कळेल, ही समजूत बरोबर नाही. ॲलर्जी आहे की नाही याचा निर्णय पशुवैद्यकाने इतिहास व लक्षणांवरून करावयाचा असतो. चाचणी केवळ पुढील उपचारांची दिशा दाखविते.

वावडे कशाचे?

घरातील धुळीत राहणारे माइट हे अतिसूक्ष्म जीव, बुरशीचे बीजाणू आणि गवत, तण व झाडांचे परागकण ही प्रमुख कारणे होत. मुंबई व कोकणातील दमट हवा माइट आणि बुरशी यांना पोषक ठरते. परागकणांमुळे होणारी खाज हंगामी, तर माइटमुळे होणारी बहुधा बारमाही असते. माणसाला अशा वावड्याने शिंका येतात, दम लागतो. कुत्र्यात ते प्रामुख्याने त्वचेवर उमटते. त्रासाची सुरुवात साधारणतः वयाच्या सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान होते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग या जातींत हा विकार अधिक आढळतो.

आधी काय वगळावे?

पिसवा, खरूज, जिवाणू व यीस्टचा संसर्ग यांची लक्षणे अशीच असतात. त्यांची तपासणी व उपचार प्रथम करावे लागतात. त्यानंतर खाज बारमाही असल्यास अन्नाच्या ॲलर्जीचा विचार होतो. त्यासाठी किमान आठ आठवडे केवळ ठरवून दिलेला आहार द्यावा लागतो. या काळात चहाबरोबरचे बिस्किट किंवा पोळीचा तुकडा दिला तरी सारे कष्ट वाया जातात. खाज कमी झाल्यास जुने अन्न पुन्हा देऊन पाहतात. खाज परतली तर दोष अन्नाचा.

चाचण्या दोन प्रकारच्या

त्वचेच्या चाचणीत छातीच्या बाजूचे केस कापून विविध घटकांची अत्यल्प मात्रा त्वचेत टोचतात. सुमारे १५ ते २० मिनिटांत उमटणाऱ्या गांधीवरून निष्कर्ष काढला जातो. या चाचणीपूर्वी ॲलर्जीच्या साध्या गोळ्या सुमारे सात दिवस, स्टिरॉइडच्या गोळ्या १४ दिवस आणि दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन किमान २८ दिवस बंद असावे लागते. औषध थांबविण्याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. दुसऱ्या चाचणीत रक्तातील ‘आयजीई’ प्रतिपिंडे मोजतात.

निरोगी कुत्र्यांतही या चाचण्या ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतात. मांजरांत तर त्यांचे निष्कर्ष अधिकच अनिश्चित असतात. केस किंवा लाळ पाठवून केल्या जाणाऱ्या चाचण्यांवर पैसे खर्च करू नयेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम केस आणि साधे क्षारजल पाठविले असतानाही ॲलर्जीचे अहवाल आले होते.

उपचार

मूळ कारणावर रोख असलेला उपचार म्हणजे इम्युनोथेरपी. चाचणीत दोषी ठरलेले आणि कुत्र्याच्या सहवासातील घटक निवडून त्यांची वाढती मात्रा टोचली जाते. १९११ मध्ये लंडनच्या लिओनार्ड नून यांनी माणसांवर केलेल्या प्रयोगांत या पद्धतीचे मूळ आहे. सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक कुत्र्यांना लाभ होतो. परंतु परिणाम दिसण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते.

तोपर्यंत खाज आटोक्यात ठेवण्यासाठी स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन किंवा अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेले ओक्लासिटिनिब वापरतात. हे शेवटचे औषध एक वर्षाखालील पिल्लांना देत नाहीत. स्टिरॉइड झटपट गुण देते. तथापि वारंवार दिल्यास तहान, भूक व वजन वाढणे, स्नायू झिजणे, संसर्ग होणे असे दुष्परिणाम संभवतात. वर्षभर पिसवांचा बंदोबस्त, अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यात धुणे आणि सौम्य शाम्पूने स्नान यांचाही उपयोग होतो.

हे टाळावे

* माणसांची औषधे स्वतःहून देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरते.
* कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावू नये.
* खाज थांबताच उपचार बंद करू नयेत. हा विकार सहसा समूळ जात नाही, आटोक्यात राहतो.

डॉक्टरांकडे जाताना खाज कधी सुरू झाली, कोणत्या महिन्यांत वाढते, कोणते इंजेक्शन कधी दिले, याची नोंद सोबत न्यावी. निदानाला तिचा मोठा आधार मिळतो.