'लाड' : एका विशेषणाचा प्रवास

'कारंजा लाड' या नावातील उत्तरपद कानी पडताच लाडक्या लेकराचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक होय. श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. त्यांच्या बाललीलांशी हा शब्द जोडण्याचा मोह भाविक मनास सहज पडेल. तथापि भाषेचा इतिहास निराळी वाट दाखवितो.

मराठीत एकाच रूपाचे दोन 'लाड' नांदतात. एक कौतुकाचा, तो लालनाचा सोयरा. दुसरा देशवाचक, तो 'लाट' शब्दाचा वंशज. भडोच, सुरत, नवसारी हा टापू म्हणजे प्राचीन लाट देश. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी त्यास 'लारिके' म्हणतो. अलंकारशास्त्रातील लाटानुप्रासही त्याच देशाच्या नावाचा. दोन स्वरांमधील टकाराचा प्राकृतात डकार होतो. घोटकाचा घोडा झाला, वटाचा वड झाला. तसाच लाटाचा लाड झाला.

या देशातील माणसे दूरवर जात. मंदसोरच्या पाचव्या शतकातील शिलालेखात, लाटातून दशपुरास येऊन वसलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीची हकीकत कोरलेली आहे. वऱ्हाडातील या पेठेसही लाड व्यापाऱ्यांवरूनच हे उपपद लाभले, असे मानले जाते. खुद्द लाट देशात कोणी कोणास लाड म्हणण्याचे प्रयोजन नव्हते. तेथे सारेच लाड! मूळ गाव सुटल्यावर, परमुलखातील शेजाऱ्यांच्या मुखी या विशेषणास अर्थ आला.

युरोपातील जर्मानिक भाषांतही असाच एक शब्द आहे. वोल्की नामक केल्टिक जमातीच्या नावावरून तो निघाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जर्मन लोकांनी 'वेल्श' म्हणून तो फ्रेंच व इटालियन लोकांस लावला. डचांनी 'वाल्स' म्हणून बेल्जममधील फ्रेंचभाषकांस लावला. इंग्रजांनी वेल्सच्या रहिवाशांस लावला. अक्रोडाच्या 'वॉलनट' या नावातही तोच परकेपणा दडला आहे. वेल्सचे लोक मात्र स्वतःस 'कम्री', म्हणजे देशबांधव, म्हणवितात. आपल्याच भूमीत ते शेजाऱ्याच्या शब्दाने परके ठरले.

लाडांचे भाग्य याहून वेगळे. ते खरोखरच बाहेरून आले होते. परंतु परकेपणा दर्शविणारे विशेषण त्यांनी आडनाव म्हणून मिरविले, आणि गावाने ते आपल्या नावात सामावून घेतले. कारंजाच्या नावातील 'लाड' कौतुकाचा नव्हे खरा. पण आलेल्यास आपले म्हणण्याची खूण त्यात आहे, आणि तीही कौतुकास्पदच होय.