अब्रूचं पाणी

अब्रू आली फारसीतून. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. मोत्याला असतं तसं चेहऱ्यावरचं पाणी. मराठीत ती कोर्टात ‘अब्रूनुकसानी’ झाली, बातम्यांत मात्र बाईच्या देहाला चिकटली. बलात्कार झाला की ‘अब्रू लुटली’. लुटणाऱ्याची शाबूतच!

मुलीने जातीबाहेर लग्न केलं की अब्रू जाते ती घराण्याची. मग ती राखायला खून. अशा हत्यांत सन्मानाचं काहीच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावलं.

अशाच हत्येवर संपणारा नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि मथळेवाल्यांना आयती सोय झाली: खून खरा, शीर्षकात सिनेमा. हल्ली ‘ऑनर किलिंग’ देवनागरीतच छापतात. ‘प्रतिष्ठेसाठी हत्या’ही दिसतं, कधी ‘प्रतिष्ठे’ला अवतरणचिन्हं लावून, बहुधा न लावताच.