मुंबईचे नगरशासन : कर आणि प्रतिनिधित्व

मुंबईच्या नगरशासनाचा इतिहास सांगताना १८८८ चा कायदा हे स्थानिक स्वराज्याच्या उदार धोरणाचे फळ होय, असे प्रतिपादन पुष्कळदा करण्यात येते. त्या ओघात लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाचा उल्लेखही हटकून येतो. तथापि करदात्यांनी निवडलेले सभासद असलेली महापालिका मुंबईत या ठरावापूर्वी नऊ वर्षे अस्तित्वात आली होती. म्हणून तिचे मूळ अन्यत्र शोधणे प्राप्त आहे. आमच्या मते ते घरपट्टीच्या वादात सापडते. कर कोणी द्यावा, किती द्यावा आणि तो खर्च करणाऱ्याला जाब कोणी विचारावा, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने या शहराची शासनपद्धती कशी घडत गेली, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती वार्षिक दहा पौंड खंडाने आले. त्यानंतर दीर्घकाळ राज्यकारभार आणि नगरकारभार असा भेदच नव्हता. १७२६ च्या सनदेने महापौर आणि नऊ आल्डरमन यांचे न्यायालय स्थापन झाले. परंतु ती मुख्यतः न्यायदानाची संस्था होती; तिला नगरशासनाचा आरंभ मानता येत नाही. तो मान १७९३ च्या सनदी कायद्याला द्यावा लागेल. या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस नेमण्याची तरतूद झाली आणि रस्त्यांची दुरुस्ती, झाडलोट व पहारा यांच्या खर्चासाठी घरांवर व जमिनींवर कर बसविण्याचा अधिकार त्यांना मिळाला. या कराची मर्यादा वार्षिक उत्पन्नाचा विसावा हिस्सा अशी होती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कराचे प्रयोजन आणि त्याची कमाल मर्यादा या दोन्ही गोष्टी कायद्याने ठरविल्या. शहरवासीयांच्या संमतीचा प्रश्न मात्र उपस्थितच झाला नाही.

१८४५ साली सात सभासदांचे स्वच्छता मंडळ निर्माण झाले. त्यात दोन सरकारी अधिकारी, दोन युरोपीय जस्टिस आणि तीन एतद्देशीय जस्टिस होते. स्वतंत्र नगरनिधीची कल्पना या वेळी मूर्त झाली. परंतु मंडळाकडून काम उरकेना, म्हणून १८५८ मध्ये त्याच्या जागी तीन आयुक्त नेमण्यात आले. तिघांत विभागलेली जबाबदारी कोणाचीच ठरत नाही, असा अनुभव आल्यावर १८६५ च्या कायद्याने सारी कार्यकारी सत्ता एकाच आयुक्ताकडे सोपविली. जस्टिसांच्या समुदायाला निगम म्हणून कायदेशीर अस्तित्व मिळाले खरे. पण ते सर्व सरकारनियुक्त होते, आणि आयुक्ताला आवर घालण्याची सोय त्यांच्यापाशी फारशी नव्हती.

या नव्या पदावर ऑर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार अधिकारी आला. रस्ते, गटारे, मंडई आणि सार्वजनिक आरोग्य यांबाबत त्याने केलेली कामगिरी निर्विवाद आहे. दुर्दैव असे की, त्याच्या कारकिर्दीचा आरंभ आणि शेअरबाजाराचा कोसळा ही दोन्ही १८६५ सालीच घडली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव उतरले, पेढ्या बुडाल्या आणि घरमालक अडचणीत आले. शहराचा खर्च मात्र चढत राहिला. उत्पन्न घटत असता पट्टी वाढते, हे करदात्यांना सोसेना. १८७१ मध्ये या असंतोषाने जाहीर चळवळीचे रूप घेतले आणि त्याच वर्षी क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

या वादात फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका विशेष मननीय आहे. आयुक्ताची सत्ता काढून ती एखाद्या समितीकडे द्यावी, असा सुधारकांतील बहुतेकांचा कल होता. मेहतांनी याच्या उलट मत मांडले. कार्यकारी सत्ता एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असणे इष्टच आहे. दोष त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेत आहे, आणि ती करदात्यांनी निवडलेली असल्याखेरीज हा दोष जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी श्रोत्यांना ते रुचले नाही. पण पुढील घटना त्याच दिशेने घडली.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे होते. तिची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. मताधिकार वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्यालाच होता. म्हणजे प्रतिनिधित्व मिळाले ते नागरिकाला नव्हे, तर करदात्याला. ही मर्यादा संकुचित होती, यात शंका नाही. पण तिच्यातील तर्क १८७१ च्या भांडणातूनच आला होता.

१८८८ चा कायदा या पायावर उभा राहिला. मूळ विधेयकात आयुक्ताचे पारडे जड होते. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात केलेल्या प्रयत्नांमुळे शहराचे शासन महापालिकेकडे निहित असल्याचे तत्त्व मान्य झाले. सभासदसंख्या ७२ झाली, मताधिकाराची अट तीस रुपयांवर आली आणि महापालिका, स्थायी समिती व आयुक्त ही त्रयी स्थिर झाली. मालमत्तेवरील कर, गाड्या व जनावरे यांवरील कर आणि नगरशुल्क यांचे दर महापालिकेने ठरवावयाचे, पण कायद्याने आखलेल्या मर्यादेत. घराचे करयोग्य मूल्य काढताना वाजवी अपेक्षित भाड्यातून दुरुस्तीपोटी दहावा हिस्सा वजा होई. आयुक्ताची नेमणूक मात्र सरकारच्याच हाती राहिली. सत्तेची ही अपुरी वाटणी पुढील काळात वारंवार जाणवली.

यानंतर दोन प्रवाह वेगवेगळ्या दिशांनी वाहू लागलेले दिसतात. मताधिकार रुंदावत गेला. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळाले. १९३८ च्या कायद्याने प्रौढ मताधिकार मान्य केला आणि १९४८ मध्ये त्यानुसार पहिली निवडणूक झाली. करसत्ता मात्र आकुंचित होत गेली. भाडेनियंत्रणाच्या कायद्यांनी जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. प्रमाणभूत भाड्याहून अधिक करयोग्य मूल्य धरता येत नाही, असा न्यायालयीन निर्णय झाल्याने घरपट्टीही त्यांच्याबरोबर गोठली. भांडवली मूल्यावर आधारलेली पद्धती २०१० मध्ये येईपर्यंत जुन्या घरांच्या बाबतीत हा पेच सुटला नाही. उत्पन्नाचा भार त्यामुळे जकातीवर पडला. वस्तू व सेवा कर लागू होताच १ जुलै २०१७ पासून जकातही बंद झाली आणि तिची जागा राज्य सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. २०२२ च्या आरंभी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता करातून सूट देण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली. निवडणूक वेळेवर न झाल्याने सारा कारभार प्रशासक या नात्याने आयुक्ताकडे गेला.

या सूटीचा लाभ सामान्य कुटुंबाला होतो, आणि मताला कराची अट नसावी, हेही न्याय्यच आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न टाळता येत नाही. १८७१ साली करदात्यांनी हिशेब मागितला, कारण पैसा त्यांच्या खिशातून जात होता. शहराचे उत्पन्न जसजसे वरून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून राहते, तसतशी हिशेबाची दिशाही नागरिकांकडून सरकारकडे वळते. ज्या नगराला स्वतःचा कर बसविण्याचे सामर्थ्य नाही, त्याचे स्वराज्य सनदेत पूर्ण असले तरी व्यवहारात अपुरेच राहते, हा निष्कर्ष मुंबईच्या सव्वादोनशे वर्षांच्या अनुभवावरून काढणे अनुचित ठरणार नाही.