दहा डॉलरचा दंड आणि चौतीस तासांची प्रतीक्षा

१/ ८ एप्रिल १९६७. कॅनडाच्या उत्तर भागातील यलोनाइफ येथील ‘ओल्ड स्टोप’ हॉटेलात जोसेफ ड्रायबोन्स हे मूलनिवासी गृहस्थ मद्याच्या अमलाखाली आढळले. त्यांना दहा डॉलर दंड झाला. ‘इंडियन ॲक्ट’नुसार मूलनिवासींसाठी तो किमान दंड होता, इतरांना लागू असलेल्या कायद्यात अशी किमान मर्यादाच नव्हती.

२/ या भेदाचे मूळ १८७६ च्या मूळ कायद्यात होते. ‘संरक्षणा’च्या नावाखाली मूलनिवासींना मद्य विकण्यास बंदी घालण्यात आली. बंदीने व्यसन थांबले नाही. मात्र ‘मूलनिवासी म्हणजे मद्यपी’ या समजाला सरकारी शिक्का मिळाला.

३/ त्याच राजवटीत दीड लाखांहून अधिक मूलनिवासी मुलांना निवासी शाळांत धाडण्यात आले. घर, भाषा आणि माणसे तुटली. त्या जखमांची वेदना पुढे अनेकांना व्यसनाकडे घेऊन गेली.

४/ १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रायबोन्स यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्यापुढील समानतेचा भंग करणारे ते कलम निष्प्रभ झाले. समज मात्र टिकून राहिला.

५/ सप्टेंबर २००८, विनिपेग. ४५ वर्षांचे मूलनिवासी ब्रायन सिंक्लेअर व्हीलचेअरवरून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले. विकार उपचारांनी बरा होणारा होता. ते नशेत असावेत किंवा बेघर असावेत, असे काही कर्मचाऱ्यांनी गृहीत धरले. ३४ तासांनी ते मृतावस्थेत आढळले.

६/ ‘हार्म रिडक्शन’ म्हणजे व्यसन सुटेपर्यंत माणूस जिवंत राहावा, यासाठीची सेवा : निर्जंतुक सुया, अतिमात्रेवर उतारा असलेले नालोक्सोन, देखरेखीची जागा. व्हँकुव्हरमध्ये २००३ साली उत्तर अमेरिकेतील पहिले अधिकृत केंद्र ‘इनसाइट’ सुरू झाले. परंतु दारात अपमानाची भीती असेल, तर उघड्या दाराचाही उपयोग होत नाही.

७/ या भीतीचे उत्तर न्यूझीलंडमध्ये घडत होते. माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितते’ची संकल्पना मांडली, १९९२ मध्ये ती परिचर्या शिक्षणाचा भाग झाली. तिची कसोटी साधी होती : सेवा सुरक्षित आहे की नाही, हे ती घेणारा ठरवतो.

८/ ब्रिटिश कोलंबियात २०१३ मध्ये मूलनिवासींच्या आरोग्यसेवेची सूत्रे केंद्र सरकारकडून ‘फर्स्ट नेशन्स हेल्थ ऑथॉरिटी’कडे आली. २०१६ मध्ये अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंमुळे प्रांतात आणीबाणी जाहीर झाली. तेव्हा या संस्थेच्या कामात नालोक्सोनच्या प्रशिक्षणाबरोबरच ज्येष्ठांचे मार्गदर्शन आणि पारंपरिक उपचार यांनाही स्थान होते.

९/ तरीही २०२० च्या प्रांतिक चौकशीत ८४ टक्के मूलनिवासी प्रतिसादकांनी आरोग्यसेवेत भेदभाव अनुभवल्याचे सांगितले. कायद्यातील कलम एका निकालाने गेले. कायद्याने शिकवलेली नजर बदलण्याचे काम अजून चालू आहे, आणि त्या कामाला होणारा उशीर माणसांच्या प्राणांनी मोजला जातो.